करी रोडच्या पुलावर दुपारी तीनला

दिवस पहिला, रविवार

साताऱ्याहून पहाटेची मुंबई गाडी धरली. एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची १४ वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, ती किती वाजता सुटली, ड्रायव्हर-कंडक्टर कोण, हे नोंदवहीत लिहायचं आणि माइकवरून पुकारायचं, हे माझं काम. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो की हात खिशातल्या डायरीकडे जातो.

मुंबईला जायचं निमित्त म्हणजे भाच्याचं लालबागमधलं नवं घर. पण खरी ओढ दुसरीच होती. १२ सप्टेंबर २०२५ ला एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून भाचा फोनवर करी रोडच्या पुलाबद्दल सांगायचा. "मामा, पूल तोच आहे, पण सकाळी एका दिशेने चालतो आणि दुपारी तीननंतर उलट्या दिशेने." मी म्हटलं, हे आपल्याला बघायचंय.

वाशीचा खाडीपूल ओलांडताना नाक्याकडे मुद्दाम बघितलं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर नाही. मोटारी न थांबता सरळ जात होत्या. आमची गाडी अडकली ती पुढे, चेंबूरला मैत्री पार्कच्या अलीकडे. नाक्यावर पूर्वी जो वेळ जायचा त्यातला काही या सिग्नलपाशी येऊन बसलाय, असं मला वाटलं. गाड्या तेवढ्याच आणि रस्ताही तेवढाच. मग एका जागची अडचण काढली की पुढच्या जागेचं काय होणार, याचा विचार त्याच दिवशी करायला लागतो. सायनला रेल्वेवरचा पूलही ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, तिथली वाहतूक दुसरीकडे वळवलेली. दादरला आसियाडच्या थांब्यावर उतरलो तेव्हा भाचा पिशवी घ्यायला उभाच होता.

दिवस दुसरा, सोमवार

आजचा सगळा दिवस पुलाचा.

एल्फिन्स्टनचा पूल १९१३ चा. परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा, शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं वाहून नेणारा. त्याच्या जागी दुमजली पूल होणार आहे. वरून शिवडी-वरळी जोडरस्ता जाईल. तो अटल सेतूवरून येणाऱ्यांना वरळीकडे, सी लिंककडे नेईल. काम गरजेचं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तो उभा राहीपर्यंत या भागातल्या माणसांनी रोज रेल्वे ओलांडायची कशी? केईएम आणि टाटा ही दोन्ही रुग्णालयं इकडे पूर्वेला, कचेऱ्या तिकडे पश्चिमेला. उरले दोन जवळचे पूल, उत्तरेला दादरचा टिळक पूल आणि दक्षिणेला करी रोडचा, म्हणजे महादेव पालव मार्गावरचा. करी रोडचा पूल अरुंद आहे. दोन्ही दिशांनी गाड्या सोडल्या तर एखादी टॅक्सी बंद पडली की ती अख्खी दिशा ठप्प.

म्हणून पोलिसांनी असं ठरवलं: सकाळी सात ते दुपारी तीन, भारतमाता सिनेमाकडून, म्हणजे कॉम्रेड कृष्णा देसाई चौकाकडून, शिंगटे मास्तर चौकाकडे एकदिशा. दुपारी तीन ते रात्री अकरा त्याच्या उलट. रात्री अकरा ते सकाळी सात दोन्हीकडून.

कागदावर तीन ओळींत मावतं, पण त्यामागचा विचार मोठा आहे. सकाळी माणसं लोअर परळच्या कचेऱ्यांकडे जातात, जिथे एकेकाळी गिरण्या होत्या. संध्याकाळी तीच परत येतात. सकाळी परतीची बाजू निम्मी रिकामी राहणार आणि जायची बाजू तुंबणार. मग दोन्ही पट्टे जाणाऱ्यांना दिले तर पुलाला एक वीट न लावता जायची वाट दुप्पट होते, आणि एक गाडी बंद पडली तरी शेजारून दुसरी निघते. दुपारी तीन हीही नेमकी वेळ. सकाळची गर्दी ओसरलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते.

अडीचलाच जाऊन भारतमाताच्या कोपऱ्यावर उभा राहिलो. पावणेतीनला बॅरिकेडजवळ एक हवालदार आणि दोन वॉर्डन आले. तीनला भारतमाताच्या बाजूने बॅरिकेड आडवं झालं. पण पलीकडून लगेच गाड्या सोडल्या नाहीत. आत शिरलेल्या सगळ्या गाड्या बाहेर पडेपर्यंत पूल रिकामा ठेवायचा होता. हवालदार वॉकीटॉकीवर सांगत होते, "शेवटचा टेम्पो, निळी ताडपत्री. निळी ताडपत्री बाहेर पडली की सोडा." पलीकडच्याने निळी ताडपत्री बघितली आणि मग इकडे पहिली मोटरसायकल उतरताना दिसली. मी घड्याळात बघितलं. सहा मिनिटं.

माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी केलेलं आहे. पसरणी घाटात एका पावसाळ्यात दरड आली, एकच बाजू मोकळी राहिली. वरच्या वळणावर मी आणि खालच्या वळणावर माझा सहकारी. फोनला रेंज नव्हती. आम्ही शेवटच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात लाल कापड द्यायचो. ते कापड खाली पोचलं की खालच्याने गाड्या सोडायच्या आणि त्यातल्या शेवटच्याकडे कापड वर पाठवायचं. त्या दिवशी आमच्या बाजूला एकही गाडी समोरासमोर आली नाही. निळ्या ताडपत्रीचं काम तेच होतं. ज्या हवालदाराने ती नजरेत धरून ठेवली त्याच्याजवळ जाऊन मी नमस्कार केला. त्याला काही कळलं नसेल. पण रस्ता बांधणाऱ्यांची नावं कोनशिलेवर येतात, रस्ता चालवणाऱ्याची कुठेच येत नाहीत, हे मला आयुष्यभर बोचत आलंय.

एक उणीवही डायरीत लिहिली. तीननंतरही भारतमाताकडून पुलावर चढायला निघालेले बरेच जण बॅरिकेडपर्यंत आले आणि तिथेच वळायला लागले. वळणाऱ्यांमुळे आंबेडकर रोडवरच्या सरळ जाणाऱ्यांची गती मोडली. फलक होता, पण बॅरिकेडला टेकवलेला. भायखळ्याकडून येणाऱ्याला लालबागच्या आधी आणि दादरकडून येणाऱ्याला परळच्या आधी कळलं, तर तो चौकापर्यंत येणारच नाही. घड्याळानुसार बदलणाऱ्या रस्त्याचा फलकही घड्याळानुसार बदलणारा हवा, आणि निर्णय घ्यायच्या जागेच्या आधी हवा. ड्रायव्हरला चौकात सांगणं म्हणजे गाडी सुटल्यावर फलाट पुकारणं.

दिवस तिसरा, मंगळवार

भाचेसून वाहतूक अभियंता आहे. चौकात कॅमेरे लावून गाड्या मोजणं, सिग्नलच्या वेळा बसवणं, हे तिचं काम. ती आज उशिरा कचेरीला जाणार होती, म्हणून सकाळी दोघं दादरला गेलो.

दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे नव्या मुलांना सांगावं लागतं. ३१ मार्च १९६४ ला मुंबईची शेवटची ट्राम दादरलाच येऊन थांबली. रूळ गेले, नाव राहिलं. खोदादाद सर्कलच्या कडेला उभे राहून सुनेने मला विचारलं, "मामा, हिरव्यात किती गाड्या जातात हे सगळेच बघतात. हिरवा लागल्यावर पहिलं चाक हलायला किती वेळ लागला ते मोजाल?"

मोजलं. कधी दोन सेकंद, कधी तीन. मग पिवळ्यात आणखी काही गेले. ती म्हणाली, दर टप्प्याला, म्हणजे एकेका बाजूच्या हिरव्याच्या पाळीला, असे तीन-चार सेकंद कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. चौकात चार टप्पे असले तर एका फेरीत, म्हणजे सगळ्यांची पाळी होऊन पुन्हा पहिली येईपर्यंत, १६ सेकंद मातीत. वेबस्टर नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५८ मध्ये फेरी किती सेकंदांची ठेवावी याचं सूत्र दिलं, ते आजही वापरतात. वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट करा, त्यात ५ मिळवा, आणि चौकाच्या क्षमतेचा जो भाग शिल्लक आहे त्याने भागा. चौक ८० टक्के भरलेला असेल तर शिल्लक ०.२. चार टप्प्यांना २४ अधिक ५ म्हणजे २९, भागिले ०.२, उत्तर १४५ सेकंद. आता उजवीकडची वळणं पुढच्या चौकातून फिरवून टप्पे दोनच केले तर वाया जाणारे सेकंद ८. भार तोच धरला तरी १२ अधिक ५ म्हणजे १७, भागिले ०.२, उत्तर ८५.

मी रस्त्याच्या कडेलाच डायरीत हिशेब दोनदा करून बघितला. एक मिनिट वाचतं, प्रत्येक फेरीत, आणि एक फूटही रस्ता रुंद न करता.

"आणि ते मिनिट कोणाला मिळतं माहितीये?" तिने समोर बोट दाखवलं. फुलबाजाराकडून एक आजी डोक्यावर झेंडूची पाटी घेऊन निघाल्या होत्या. माणसांचा सिग्नल हिरवा झाला, त्या उतरल्या, निम्म्या रस्त्यात तो लाल झाला आणि त्या दुभाजकावर अडकल्या. फेरी लांब असली की त्यांनी तिथे, धुरात, पाटी डोक्यावर घेऊन दोन-अडीच मिनिटं उभं राहायचं. म्हणून लोक थांबत नाहीत, हात दाखवून मध्ये घुसतात. आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. हिशेबात पादचाऱ्याची चाल सेकंदाला १.२ मीटर धरतात. २० मीटरच्या रस्त्याला १७ सेकंद. पाटी डोक्यावर असलेल्या सत्तरीच्या बाईची चाल १.२ मीटर नसते. हे आकडे जिथे ठरतात तिथे या आजींना एकदा चालवून बघायला हवं.

शिवाजी पार्काच्या बाजूला आलो तेव्हा पादचाऱ्यांच्या सिग्नलमध्ये झगा घातलेली बाईची आकृती दिसली. माहीम ते दादर पट्ट्यात २०२० मध्ये या आकृत्या बसवल्या. मला फार आवडल्या. आता त्या आकृतीला पलीकडे पोचायला पुरेसे सेकंदही द्यावेत.

परत येताना सुनेने आणखी एक सांगितलं. मुंबईच्या बऱ्याच सिग्नलांना जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या नागरी वाहतूक प्रकल्पात संगणकाची जोड मिळाली, वरळीच्या नियंत्रण कक्षातून ते बघता येतात. गर्दी ओळखून वेळ आपोआप कमी-जास्त करायची तर रस्त्यावर गाड्या मोजणारं काहीतरी लागतं, तारेची वेटोळी किंवा कॅमेरा. रस्ता खोदला की वेटोळं तुटतं. तुटलेलं परत बसवलं नाही तर संगणक आंधळा. यंत्र विकत घेणं एका दिवसाचं काम, ते जागं ठेवणं रोजचं.

दिवस चौथा, बुधवार

बेस्टचा दिवस. एसटीवाल्याने मुंबईत येऊन बेस्टला सलाम केला नाही तर काय केलं.

आणिक आगारात बेस्टचं संग्रहालय आहे, तिथे जुन्या ट्रामच्या प्रतिकृती आणि तिकिटांची यंत्रं बघत तास गेला. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली. पहिली बस १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट धावली. आमची एसटी १ जून १९४८ ची, म्हणजे बेस्टची बस आमच्यापेक्षा २२ वर्षांनी थोरली.

तिथून कुर्ल्याला आलो आणि ३१० धरली, कुर्ला ते वांद्रे, वांद्रे-कुर्ला संकुलातून जाणारी. थांब्यावरची रांग बघून डोळे निवले. मुंबईकर लोकलमध्ये कसाही चढो, बसच्या थांब्यावर अजून रांग लावतो. वातानुकूलित गाडीचं कमीत कमी तिकीट मे २०२५ पासून १२ रुपये, साध्या गाडीचं १०. त्याआधी २०१९ पासून ते ६ आणि ५ होतं.

वाटेत दुसऱ्या एका मार्गाच्या, एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या पाठीला पाठ लावून जाताना दिसल्या. पुढची खच्चून भरलेली, मागची रिकामी. हे का होतं ते प्रवाशाला कोणी समजावून सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. समजा गाड्या दर दहा मिनिटांनी सुटल्या. पहिली कुठेतरी दोन मिनिटं अडकली, रस्त्यात कोणी मोटार आडवी लावली म्हणून. पुढच्या थांब्यावर आता दहा नव्हे, बारा मिनिटांची माणसं जमलेली असतात. त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, म्हणजे गाडी आणखी मागे पडते, पुढच्या थांब्यावर आणखी जास्त माणसं. मागच्या गाडीला मात्र कमी माणसं मिळतात, ती पुढे पुढे येते, आणि शेवटी पहिलीला गाठते. आता दर वीस मिनिटांनी दोन गाड्या एकदम. ड्रायव्हर-कंडक्टरची यात काही चूक नाही. लोक शिव्या मात्र त्यांनाच देतात.

याला उपाय आहे, आणि तो मार्गाच्या मध्यात उभा असतो. आम्ही त्याला कंट्रोलर म्हणतो, बेस्टमध्ये स्टार्टर म्हणतात. मागची गाडी दोन मिनिटं धरून ठेवायची, एवढंच. आत बसलेल्यांना राग येतो. पण दोन मिनिटं धरल्याने पुढच्या वीस थांब्यांवरच्या माणसांचा वेळ वाचतो. आता तर गाडी कुठे आहे ते फोनवर दिसतं. जे प्रवाशाला दिसतं ते स्टार्टरला आधी दिसावं आणि त्याला गाडी धरायचा अधिकार असावा. तेवढी एक खुर्ची आणि एक पडदा.

गाड्याच कमी असतील तर मात्र स्टार्टर तरी काय करणार. २०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या, आता तीन हजारांच्या आत. रस्त्याच्या हिशेबात एक बस तीन मोटारींएवढी जागा धरतात. बसमध्ये साधारण ५० माणसं, तीन मोटारींत बहुतेक वेळा तीन किंवा चार. हे गणित चौथीच्या मुलालाही सुटतं.

रात्री जेवताना मी म्हटलं, आंबेडकर रोडवर गर्दीच्या वेळी एक पट्टा बसला द्या. भाचा म्हणाला, "मामा, पुण्यात काय झालं?" खरं आहे. पुण्यात २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर असा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव पट्ट्यांचा, मार्ग झाला, देशात तो पहिल्यांमधला. त्याची पुढची परवड मी साताऱ्याहून येता-जाता बघितली. पट्टा आखून काम संपत नाही, तो रोज राखावा लागतो, शेतासारखा. सून म्हणाली, अमेरिकेत १९७५ मध्येच नियम झाला की शहराच्या आराखड्यात आहे त्या रस्त्यांचा आणि बसचा चांगला वापर कसा करणार हे सांगणारा भाग असलाच पाहिजे. त्याच वर्षी सिंगापूरने शहराच्या मध्यभागी गर्दीच्या वेळी येणाऱ्या मोटारींना पैसे लावले. पन्नास वर्षं झाली त्याला.

दिवस पाचवा, गुरुवार

अंधेरीला एका जुन्या सहकाऱ्याकडे गेलो. जाता जाता गोखले पूल बघितला. जुलै २०१८ मध्ये त्याचा पदपथाचा भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला पुलाला जुळत नव्हती. नवा वर, जुना खाली. मग जुना पूल जॅक लावून उचलला आणि जोडला. उचलणाऱ्यांचं कौशल्य मोठंच. पण मधली वर्षं अंधेरीच्या माणसांनी कशी काढली ते मित्राच्या बायकोने सांगितलं. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला पलीकडे जावं लागायचं. रिक्षा मिळायची, पण पुढे सरकायची नाही. ती सांगत होती आणि मी डायरी काढली नाही.

दिवस सहावा, शुक्रवार

परतीची गाडी दादरहून आठची. साडेसहालाच निघालो. भाचा म्हणाला, एवढ्या लवकर कशाला? त्याला कारण सांगितलं तेव्हा तोही चपला घालून आला.

भारतमाताच्या कोपऱ्यावर उजाडत होतं. पूल अजून दोन्हीकडून चालू होता. दुधाच्या गाड्या, पेपरवाले, प्रभादेवीकडून केईएमला निघालेली एक टॅक्सी. सोमवारचा हवालदार नव्हता, दुसरा होता, तरुण. सातला दोन मिनिटं कमी असताना त्याने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. पलीकडे शिंगटे मास्तर चौकात बॅरिकेड लागलं असणार, कारण तिकडून येणाऱ्या गाड्या विरळ झाल्या, मग एक भाजीचा टेम्पो तेवढा उतरला. त्याने टेम्पो जाऊ दिला, पुलाकडे पुन्हा एकदा बघितलं, आणि हात केला. दोन्ही पट्ट्यांवरून गाड्या चढायला लागल्या.

मी डायरीत लिहिलं: ७ वाजून ३ मिनिटं, पूल मोकळा, एकदिशा सुरू. खाली सही केली, आणि दादरची बस धरली.